नाव, मग गाव

आधी विचारलं : कुठल्या घरात राहणार?
मी म्हटलं, म्हणजे?
इतकी वर्षं असं कुणी विचारलंच नव्हतं.
दार एकच होतं, निळं.
आत गेलं की सगळे तिथंच :
मामेभाऊ, विमावाले, नगरसेवक,
मेलेली माणसंसुद्धा, आपापल्या वाढदिवसांसकट.

इथं यादी आली.
कुणाचं घर सायकलींचं, कुणाचं जुन्या रेडिओंचं,
एक नुसतं शेवाळाचं.
उदगीरच्या पशुरोग प्रयोगशाळेत
मी दिवसभर रक्ताच्या काचा बघते,
म्हणून सूक्ष्मदर्शकवाल्यांचं घेतलं.
माणसं सत्तावन्न. नियम सात.
सातवा : घाई करू नका.

नाव द्या म्हणाले. ‘काचपट्टी’ दिलं.
त्यापुढं एक वेटोळं, वेटोळ्यापुढं त्या घराचा पत्ता.
मला हसूच आलं.
हे तर आपलंच की,
देवणीकर, लोहारेकर, हाळीकर :
माणूस जाईल तिकडं जावो,
मागं गाव लोंबतंच.

पहिल्या रात्री काही घडलं नाही.
खरंच काही नाही.
कुणाला ढकलून कुणी पुढं आणलं नाही,
‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणालं नाही.
जो ज्या वेळी बोलला तो त्या वेळेवर उभा.
आणि चौदा जणांनंतर
तळ लागला.
बोट तरी ओढतच राहिलं, सवयीनं,
रिकाम्या रांजणात तांब्या वाजावा तसं.

दुसऱ्या दिवशी, लाईट नव्हती तेव्हा,
एक फोटो टाकला :
देवणी कालवडीचं रक्त, गोचीडतापाचं.
खाली लिहिलं, नमस्कार. उदगीर.
तासाभरानं कुणीतरी आलं, फिनलंडचं की कुठलं,
यंत्राकडून करून घेतलेलं मोडकं मराठी घेऊन :
‘छान. चित्रात काय आहे ते लिहाल काय?
इथे काही जण कानाने वाचतात.’

मला आधी रागच आला.
दिसतंय की, म्हटलं.
मग कळलं,
आणि एकटीच असून खाली मान घातली.

लिहायला बसले
तर बारा वर्षं रोज बघितलेली काच
सांगताच येईना.
गोल, लिहिलं. खोडलं. कसलं गोल?
भाकरीचं, का बांगडीचं?
‘फिकट गुलाबी दाणे,
ज्वारी वाळत घातल्यासारखे, सुटेसुटे.
काहींच्या पोटात जांभळा ठिपका.
एकाच्या पोटात दोन.
डाव्या कडेला ओघळ आहे, तो माझा,
रंग सुकायच्या आधी काच हलली होती.’

मन्मथअप्पा मागं येऊन उभा.
काय लिव्हायलात मॅडम, रिपोर्ट?
नाही, चित्र सांगायलेय.
कुणाला?
तेही नीट सांगता येईना.

संध्याकाळी एका बाईचं उत्तर :
‘ज्वारी मला माहीत नाही.
पण वाळत घातलेलं काहीतरी
हाताखाली लागलं.’

रात्री घर चालवणाऱ्याची पाटी :
आज दोन तास दार बंद, डिस्क बदलतोय.
मुलीला ताप आहे,
उशीर झाला तर समजून घ्या.
निळ्या दाराच्या मालकाच्या घरी
आला असेलच कधी कुणाला ताप.
मला कुणी कळवलं नव्हतं.

म्हणजे एवढंच असतं तर हे घर :
एक माणूस, एक डिस्क, एक आजारी पोर.
उद्या तो कंटाळला
तर माझ्या नावापुढचं गाव जाणार.
निळं दार कधी बंद पडत नाही.
आताही तिकडं मामेभावानं ट्रॅक्टर घेतलाय,
तीनशे बारा अंगठे.
मीही दिला.

पावणेबाराला परत उठून बघितलं.
बंदच.
तरी लिहून ठेवलं, उघडलं की जाईल :
पोरीचा ताप उतरला का?